खोली कोणाला द्यायची?



आपल्या धर्मग्रामात घरामागे एक-दोन खोल्या काढून त्या भाड्याने देणारी कुटुंबे बरीच आहेत. वाडीचे उत्पन्न घटले तेव्हा याच भाड्यावर अनेकांची मुले शिकली. खोली कोणाला द्यावी हे मालकाने ठरवायचे, असे आपण सहज म्हणतो. दारू पिऊन धिंगाणा घालणारा नको, यात गैर काही नाही. पण डिपॉझिट ठरते, अकरा महिन्यांच्या कराराचे कागद तयार होतात आणि मग कळते की येणाऱ्या मुलाला फिट येते. दुसऱ्या दिवशी एजंट त्याला फोन करून सांगतो, 'मालकांकडे पाहुणे राहायला येणार आहेत, खोली देता येत नाही.' याला काय म्हणावे?

आपण याला काळजी म्हणतो. एकटा राहणार, गॅस पेटलेला असताना पडला तर? उद्या काही झाले तर पोलीस आपल्या दारात! ही भीती अगदीच खोटी नाही. ज्याने एकदा कोणाला फिट आलेली पाहिली आहे, त्याच्या पोटात गोळा येणारच. परंतु आपण नकार दिला म्हणून त्या मुलाचा धोका कमी होत नाही. तो कुठेतरी गॅस पेटवणारच आहे, फक्त आपल्या भिंतीपलीकडे नाही. काळजी त्याची असती, तर आपण विचारले असते: शेवटची फिट कधी आली? गोळ्या नियमित घेतोस का? फिट आली तर आम्ही काय करायचे?

संत मार्कच्या शुभवर्तमानात, ९ व्या अध्यायात, एक बाप आपल्या मुलाला येशूकडे आणतो. मुलगा जमिनीवर पडतो, तोंडाला फेस येतो, कधी विस्तवात तर कधी पाण्यात पडतो. या उताऱ्याचा आधार घेऊन फिटला भूतबाधा समजणारे अजूनही भेटतात, म्हणून पुढचेही वाचावे. हे त्याला केव्हापासून होते, असे येशू त्या बापाला विचारतो, आणि शेवटी मुलाचा हात धरून त्याला उठवतो. घरमालकाला निदान पहिली गोष्ट तरी करता येते.

उत्तर मिळाले तर भीती बरीच उतरते. अपस्मार हा मेंदूचा आजार आहे, तो स्पर्शाने पसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे, आणि योग्य निदान व औषधोपचार झाले तर त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवावे. तोंडात चमचा घालू नये. कांदा, चप्पल हुंगवणे तर सोडूनच द्यावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करावा.

'मग त्याने आधीच का सांगितले नाही? ही फसवणूकच!' असे कोणी म्हणेल. आठवी आज्ञा आपल्याला पाठ आहे. पण ज्याला सत्य जाणून घेण्याचा अधिकार नाही, त्याला ते सांगण्यास कोणी बांधील नाही, असेही ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २४८९) म्हटले आहे. भाडे वेळेवर येईल का, घरात किती जण राहतील, हे मालकाने अवश्य विचारावे. आजारपणाची फाईल मात्र भाडेकरूची स्वतःची, असे आम्हाला वाटते. शेजाऱ्याला सांगून ठेवण्यात त्याचेच हित आहे, पण सांगितल्याबरोबर छप्पर जाणार असेल तर तो कसा सांगेल? तीन घरी खरे बोलून जो चौथ्या घरी गप्प बसला, त्याच्या गप्प बसण्यात पहिल्या तिघांचा वाटा आहेच.

कायद्याचे म्हणाल, तर हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही लग्नाआड येणारी बाब होती. ती १९९९ साली काढून टाकण्यात आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांच्या यादीत मात्र अपस्माराचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे मालकाने पाहुण्यांचे कारण पुढे केले, तर त्या मुलाने कोणाकडे दाद मागायची? परमगुरुस्वामी तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या 'पाचेम इन तेर्रिस' या पत्रात अन्न, वस्त्र आणि औषधोपचारांबरोबर निवाऱ्यालाही माणसाचा हक्क म्हटले होते. आपल्यालाही याची झळ ठाऊक आहे. मुंबईत घरात मासळी शिजते म्हणून कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांना खोल्या नाकारल्या गेल्या, आणि तो राग आपण अजून विसरलेलो नाही.

खोली द्यायची ठरली, तर थोडे बोलून घ्यावे. एक किल्ली आपल्याकडे किंवा शेजारी ठेवावी. न्हाणीघराला आतून कडी लावू नये, असे त्याला सांगावे. शक्य असेल तर गॅसऐवजी इंडक्शनची शेगडी वापरावी. घरच्यांचा फोन नंबर लिहून घ्यावा. बाकी भाडे, लाईटबिल आणि पाण्याची वेळ इतर भाडेकरूंना असते तीच.