प्रश्न कोणी ठरवायचा?



वस्तीत पाहणी करायला माणसे येतात. घरात खाणारी तोंडे किती, मिळकत किती, आजारी कोण, सारे विचारून लिहून नेतात. पुढे त्या कागदाचे काय झाले, ते उत्तर देणाऱ्याला बहुधा कळत नाही. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. तरीही आम्हांला येथे एक नैतिक प्रश्न दिसतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांट या तत्त्ववेत्त्याने १७८५ साली लिहिले. भले करायला निघालेल्यांच्या हातूनही माणसाचे साधन होऊ शकते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या लहानशा गावाने वेगळी वाट धरली. गावचे देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल (२०२५ साली ते निवर्तले) यांच्या सोबतीने तेथे अभ्यासगट सुरू झाला. जंगल, मध, कायदा, ज्याची गावाला नड तो विषय. बाहेरचा जाणकार तेथे यायचा, बोलायचा, वादही घालायचा. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. ही विभागणी आम्हांला फार मोलाची वाटते.

कोणी म्हणेल, न शिकलेल्यांनी कसले संशोधन करायचे? मोजमापाला शिक्षण लागते हे खरेच. शिवाय गावही चुकते. बायकांना बोलू दिले नाही, तर ‘गावाचे मत’ म्हणजे चार पुरुषांचे मत. म्हणून जाणकार हवाच. पण कायदा वाचून सांगणे वेगळे आणि तो आपल्या जंगलाला लावून पाहणे वेगळे. वनहक्क कायदा २००६ चा. मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला २००९ मध्ये. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवान्यासाठी अडवणूक! अखेर २०११ साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा परवाने ग्रामसभेच्या हाती पडले. इतकी वर्षे चिकाटी टिकली, कारण प्रश्न गावाचा स्वतःचा होता.

आपल्या धर्मग्रामात पुन्हा कुटुंबांची पाहणी निघेल, तेव्हा प्रश्नावली छापण्याआधी चार घरांत बसून विचारता येईल: तुम्हांला काय जाणून घ्यायचे आहे? विहिरीच्या पाण्याचे, दारूचे, की चर्चच्या हिशेबाचे? शेवटचा प्रश्न आला, तर तोही छापावा लागेल.