खांदेमळणी

चाळीसगावहून कन्नड घाटाकडे जाताना लागणाऱ्या एका गावात एक म्हातारा शेतकरी राहत होता. सारं गाव त्याला आबा म्हणायचं. नातू फौजेत होता. पोळ्याला दोन दिवस उरले असताना तो झेलम एक्स्प्रेसने चाळीसगावला उतरला आणि सुट्टीवर घरी आला.

पारावर पोरांनी त्याला घेरलं. "किती मारले?" ज्याच्या त्याच्या तोंडी तोच प्रश्न. गावाने शाल-नारळ दिला, फोटो काढले. नातू हसून मान हलवायचा, पण ताटातली भाकर तशीच राहायची. रात्री रस्त्यावर मोटारसायकल फटकन वाजली की खाटेवरून उठून भिंतीला पाठ लावून बसायचा.

आबांनी त्याला काही विचारलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. आबांनी पाणी तापवलं, वाटीत लोणी आणि हळद घेतली आणि नातवाला गोठ्यात हाक मारली. थोरल्या बैलाचा खांदा आला होता. जू घासून घासून तिथले केस गेले होते, कातडी राठ झाली होती आणि तिच्याखाली मऊ सूज होती. आबांनी नातवाचा हात धरून तिथे ठेवला. बैलाच्या अंगावर शहारा उठला. आबा ऊन पाण्यात कापड बुडवायचे, पिळायचे, खांद्यावर धरायचे, पुन्हा बुडवायचे. मग तळव्याने लोणी-हळद चोळत राहिले. हळूहळू बैलाने मान सैल सोडली.

"यानं यंदा किती रान नांगरलं, ते आज नाही विचारायचं," आबा म्हणाले. "आज नुसता खांदा बघायचा. खांदा न बघता जू ठेवत गेलं, की बैल एक दिवस तासातच बसतो. मग लोक म्हणतात, बैल खोडीचा निघाला."

आणि वर न बघता अहिराणीत विचारलं, "तुले कोठे दुखी ऱ्हायनं रे भाऊ?"

नातू बराच वेळ गप्प होता. मग बोलला. दिवेलागणीची वेळ, नाक्यावर ड्यूटी. एक गाडी हात दाखवला तरी थांबेना. बोट ट्रिगरवर. गाडीत बारूद असली तर मागचे सहा जण जाणार, नसली तर कुणाचं तरी घर उजाडणार. ठरवायला दोन श्वासांचा वेळ. त्याने गोळी झाडली नाही. गाडी वीस पावलांवर जाऊन थांबली. आत ब्रेक न लागल्याने घाबरलेला एक म्हातारा आणि त्याची नात.

"सगळं नीट झालं, आबा. तरी ती गाडी रोज रात्री येते. कधी मी गोळी झाडतो आणि आत ती पोर असते. कधी झाडत नाही आणि माझे सहाही जण जातात. सगळे म्हणतात, काहीच झालं नाही. मग मी सांगू तरी काय?"

पूर्वी शत्रू समोर वर्दीत उभा असायचा. आता तो गर्दीत असेल, गाडीत असेल, नाहीतर आभाळातल्या ड्रोनमागे कुठेतरी बसलेला असेल. आहे की नाही, हे बावीस वर्षांच्या पोराने क्षणात ठरवायचं, आणि चुकला तर जन्मभर स्वतःला जाब द्यायचा. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, डॉक्टरांनी मनाच्या या दुखण्याला 'शेल शॉक' म्हटलं. अनेकांना ते भित्रेपण वाटलं. वैद्यकाच्या पुस्तकात आघातानंतरचा आजार म्हणून त्याची रीतसर नोंद व्हायला १९८० उजाडावं लागलं.

"बोरविहीरच्या चंदूचं आठवतं ना?" आबा म्हणाले.

धुळ्याजवळच्या बोरविहीरचे चंदू चव्हाण, तेव्हा ३७ राष्ट्रीय रायफल्सचे जवान. सर्जिकल स्ट्राइक जाहीर झाला त्याच दिवशी, २९ सप्टेंबर २०१६ ला, ते नियंत्रण रेषेपलीकडे गेले आणि पकडले गेले. बातमी ऐकून आजीने धक्क्याने प्राण सोडला. २१ जानेवारी २०१७ ला ते परत आले. पुढे कोर्टमार्शल होऊन शिक्षाही झाली. रेषा ओलांडली कशी, सोडलं कधी, शिक्षा किती, हे सगळं आपण चवीने वाचलं. त्या पोराच्या मनात त्या दिवसांचं काय उरलं असेल, हे आपल्यातल्या किती जणांनी विचारलं? मला हा प्रश्न अजून टोचतो.

आबांनी नातवाला उपदेश केला नाही. पाणी निवलं, तेव्हा पुन्हा तापवलं. नातू बोलत राहिला. दुसऱ्या दिवशी बैलांना पुरणपोळीचा घास भरवून तो पहिल्यांदा पोटभर जेवला. दुखणं गेलं नव्हतं, पण आता ते दोघांना ठाऊक होतं. सुट्टी संपायच्या आत त्याने १४४१६ हा क्रमांक लावला.

हा सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिचा फौजेसाठी वेगळा कक्षही सुरू झाला. तुमच्या गल्लीत कुणी जवान सुट्टीवर आला असेल, तर त्याच्याजवळ निवांत बसा आणि हा क्रमांक त्याच्या घरच्यांना लिहून द्या. फोनला पैसे पडत नाहीत, आणि तो रात्रीही उचलला जातो.