राखणदाराचा मान

“आवडत नसेल तर बघू नका ना, काका. कोण जबरदस्ती करतंय?”

एखाद्या जुन्या विज्ञानमालिकेची नवी आवृत्ती येणार म्हटलं की मी नाक मुरडतो, आणि मग ओळखीतलं कुणीतरी पंचविशीतलं माणूस हे वाक्य माझ्या अंगावर टाकतं. वाक्यात खोट काढता येत नाही. जबरदस्ती खरंच कुणी करत नाही. जुने भाग शाबूत आहेत, हवे तेव्हा बघता येतात. तरी ते ऐकलं की डोक्यात सणक जाते. बरोबर असूनही चीड आणणारं उत्तर बहुधा भलत्याच प्रश्नाला दिलेलं असतं, असा माझा समज आहे. म्हणून मूळ प्रश्न कुठला, ते शोधत बसलो.

नव्या आवृत्त्या का निघतात हे वेगळं सांगायला नको. ओळखीचं नाव म्हणजे आयतं भांडवल. ‘स्टार ट्रेक’चा इतिहासही वाचकांना माहीत असतो: १९६६ ते १९६९ मध्ये ७९ भाग, मग बंद, मग १९८७ मध्ये नवी मंडळी घेऊन नवी मालिका. कर्क आणि स्पॉक नसतील तर कसलं आलंय ‘स्टार ट्रेक’, म्हणून जुने लोक हिरमुसले. ती सात वर्षं चालली, आणि आज तिचेच चाहते तिच्या धाकट्या भावंडांकडे त्याच नजरेने बघतात. रविवारी सकाळी दूरदर्शनवर कर्क-स्पॉक पाहिलेल्या आपल्या पिढीलाही हे चक्र पाठ आहे. यातून जो आळशी निष्कर्ष निघतो, की चाहते आधी कुरकुरतात आणि मग मुकाट बघतात, त्याच्याशी माझं भांडण आहे. ते भांडायला मला दुसरी मालिका हवी. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’.

सप्टेंबर १९७८ मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ग्लेन लार्सन यांची ही मालिका सुरू झाली. बारा वसाहतींत राहणारी माणसं, सायलॉन नावाच्या यंत्रमानवांशी चाललेलं जुनं युद्ध, तहाचं आमिष, त्या तहाच्या आडून झालेला संहार, आणि वाचलेल्या जहाजांचा तांडा घेऊन पृथ्वी नावाच्या दंतकथेच्या शोधात निघालेली एक युद्धनौका. (पहिल्याच रात्री प्रक्षेपण मध्ये थांबवून कॅम्प डेव्हिड कराराची घोषणा दाखवण्यात आली. फसव्या तहाची गोष्ट थांबवून खऱ्या तहाची बातमी! हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने लिहिला असता तर आपण त्याला हसलो असतो.) खर्च अफाट होता. ‘स्टार वॉर्स’ची उचलेगिरी केली म्हणून फॉक्स कंपनीने दावाही ठोकला होता. एका हंगामात मालिका आटोपली. ज्या मूळ रूपाच्या शुद्धतेसाठी पुढे पंचवीस वर्षं लोक भांडले, त्या मूळ रूपालाच त्याच्या काळी नक्कल म्हणून हिणवलं गेलं होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मालिका संपली नाही, थांबली. पृथ्वी सापडलीच नाही. त्यामुळे पाहणाऱ्यांच्या मनात ते जहाज अजून कुठेतरी चाललेलंच होतं. तिच्यात अपोलो या वैमानिकाची भूमिका करणारे रिचर्ड हॅच यांच्याही मनात चाललेलं होतं. पुढची गोष्ट सांगता येईल हे निर्मात्यांना पटावं म्हणून त्यांनी १९९९ मध्ये पदरचे पैसे घालून एक झलकपट बनवला आणि तो चाहत्यांच्या मेळाव्यांत दाखवला. पण २००३ च्या डिसेंबरात जे पडद्यावर आलं ते रोनाल्ड मूर यांचं होतं, आणि त्यात पुढची गोष्ट नव्हती. तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून होती. सायलॉन आता माणसांनीच घडवलेले होते आणि माणसांसारखे दिसत होते. सिगार ओढणारा, जुगार खेळणारा, बायकांच्या मागे असणारा वैमानिक स्टारबक आता बाई होता.

गदारोळ झाला तो स्टारबकवरून. खरी जखम, मला वाटतं, ‘पुन्हा पहिल्यापासून’ या दोन शब्दांत होती. जुनं शाबूत आहे ना, असं विचारणाऱ्याला हे कळत नाही की अर्धवट राहिलेल्या गोष्टीचं जुनं कधीच शाबूत नसतं. तिची निम्मी मिळकत पुढे असते. मूर यांनी जुन्या भागांना हात लावला नाही, पण ते जहाज मुळात निघालंच नव्हतं असं जाहीर केलं.

कोकणात गावाला राखणदार असतो. जमीन त्याच्या नावावर नसते, सातबाऱ्यावर त्याचा उल्लेख नसतो, पण काही नवं काढायचं तर आधी त्याला नारळ ठेवावा लागतो. वारसदाराचं उलट. सातबारा त्याचा, तो मोडेल किंवा विकेल. इथे वारसदार होता युनिव्हर्सल स्टुडिओ. हॅच आणि ती मेळाव्यांना जाणारी मंडळी राखणदार. चाहत्यांच्या नाराजीला हक्काची भाषा चिकटवली की ती हास्यास्पद होते, कारण हक्क त्यांचा नसतोच. त्यांचा असतो तो मान. आणि मान मागून मिळत नाही, म्हणून ते ओरडतात.

राखणदार नेमकं कशाची राखण करतात, हे मात्र त्यांना स्वतःला सांगता येत नाही. मूळ कर्त्याची? १९८० मध्ये खुद्द लार्सन यांनीच पुढची गोष्ट सांगितली होती. कमी पैशांत तांडा त्या काळच्या पृथ्वीवर आणला, उडत्या मोटारसायकली आणल्या, टुणटुण उड्या मारणारी अंतराळातली पोरं आणली. दहा भागांत खेळ खलास. चाहते ती मालिका हिशेबात धरत नाहीत. तेच कर्ते आणि तीच गोष्ट पुढे, तरी नामंजूर.

जुने स्टारबक, डर्क बेनेडिक्ट, यांच्या मते राखण करायची होती ती पुरुषार्थाची. २००४ मध्ये त्यांनी नव्या मालिकेवर एक लेख लिहिला. त्याचं शीर्षकही घरात मोठ्याने वाचण्यासारखं नाही. आमच्या वेळी आशा होती, कुटुंब होतं, पुरुष पुरुष होते आणि बायका बायका. आता सगळं उदास, संतापलेलं, गोंधळलेलं, असा एकूण सूर. पुरुषार्थाचा भाग मी सोडून देतो. पात्राचं लिंग बदललं म्हणून पुरुषजातीची शोकसभा भरवणाऱ्याशी वाद घालण्याची मला उमेद नाही. आशेचा मुद्दा मात्र सोडवत नाही.

जुन्या मालिकेत आशा होती ती कशी? मानवजातीचा संहार होतो, अब्जावधी माणसं मरतात, आणि पहिल्याच कथेत ती वाचलेली माणसं एका ग्रहावरच्या जुगारखान्यात जाऊन पोचतात. ही आशा नव्हे, हा विसरभोळेपणा. सुतक फिटायच्या आत फासे हातात! नव्या मालिकेचा पहिला नेहमीचा भाग घ्या. सायलॉन दर तेहेतीस मिनिटांनी हल्ला करताहेत, पाच-पाच दिवस कुणाला झोप नाही, वैमानिक गोळ्या खाऊन जागे आहेत. राष्ट्राध्यक्ष लॉरा रोझलिन एका फळ्यावर उरलेल्या माणसांची संख्या लिहून ठेवते. पन्नास हजारांच्या आसपासचा तो आकडा भागभर घटत जातो. शेवटी तांड्यात एक मूल जन्मतं, आणि ती बाई फळ्यापाशी जाऊन आकडा एकाने वाढवते. बेनेडिक्ट यांना यात आशा दिसली नाही. मला तरी ही त्या जुगारखान्यापेक्षा जास्त जुन्या मालिकेची वाटते. संहारानंतर माणसं जगतात कशी, हा प्रश्न १९७८ नेच विचारला होता आणि मग त्यालाच घाबरून पळ काढला होता.

पण एका गोष्टीत बेनेडिक्ट यांना खोडता येत नाही. जुनी मालिका आठ वर्षांचं पोर आईवडिलांशेजारी बसून बघू शकत होतं. नवी नाही. ती जागा गेली, आणि मूर यांच्या थोरपणाने ती भरून निघत नाही. चांगली वस्तू आली म्हणून हरवलेली वस्तू सापडत नाही.

इथे थोडं बाजूला जातो. या नव्या मालिकेच्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र आहे. थट्टा नाही: ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातला, विश्वामित्रांचा, सवित्याला उद्देशून असलेला तोच मंत्र, बाईच्या आवाजात, युद्धनौकांच्या दृश्यांवर. अमेरिकेहून आलेल्या एका मित्राच्या डीव्हीडीवर मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा आधी मजा वाटली, आणि लगेच काहीतरी टोचलं. चाल ही नव्हे. स्वर असे नव्हेत. मुंजीत गुरुजींनी उपरण्याखाली कानात सांगितलेली गोष्ट यांनी तबकडीवर चढवली. वास्तविक मी संध्या केव्हाच सोडली आहे, आणि तो मंत्र बायकांनी म्हणू नये असं म्हणणाऱ्यांशी मी हिरिरीने भांडलोही आहे. ते संगीत सुंदरच आहे. तरी टोचलं. म्हणजे टोचण्याचा आणि वस्तू चांगली असण्या-नसण्याचा संबंध नाही, श्रद्धेशीही फारसा नाही. जे आपल्याला एका विशिष्ट वयात, विशिष्ट माणसाकडून, जवळ घेऊन सांगितलं गेलं, ते परक्याच्या तोंडून वेगळ्या सुरात ऐकू आलं की आधी आपण राखणदार होतो, आणि रसिक व्हायला वेळ लागतो. त्या मेळाव्यांतल्या मंडळींबद्दल माझ्या मनात जी थोडी कीव होती ती त्या दिवशी गेली.

आता मूळ वाक्याकडे. नव्या मालिकेत ॲडामाचं, म्हणजे युद्धनौकेच्या प्रमुखाचं, काम करणारे एडवर्ड जेम्स ओल्मोस यांनी मालिका येण्याआधीच जाहीर सांगून टाकलं होतं, की जुन्या मालिकेवर ज्यांचा खरा जीव आहे त्यांनी ही बघू नये, त्यांना त्रास होईल. म्हणजे तेच की! बघू नका. मी हे दाखल्यादाखल मांडायला घेतलं होतं. बघा, थेट प्रमुख नटाचा उद्धटपणा. पण पुन्हा वाचताना बेत फसला. माझे तरुण स्नेही म्हणतात त्यात ‘तुमचं दुखणं खोटं’ असं गृहीत असतं. ओल्मोस म्हणत होते, दुखेल. आम्ही मोडतोड केलेली आहे आणि ती तुम्हाला लागणार आहे. एखादी कंपनी आपल्या गिऱ्हाइकाशी इतकं खरं क्वचितच बोलते.

उलट टोकाचं उदाहरण घ्या. ‘स्टार ट्रेक : पिकार्ड’च्या २०२३ च्या तिसऱ्या हंगामात १९८७ ची जवळजवळ सगळी मंडळी परत आणली, त्यांचं जुनं जहाजसुद्धा सजवून उभं केलं. माझे डोळे ओले झाले, हे कबूल. दुसऱ्या दिवशी मात्र कुणीतरी खिशात पैसे कोंबून गेल्यासारखं वाटलं. तो राखणदाराचा मान नव्हता, लाच होती. आमची कुरकुर ऐकून घेतली गेली नव्हती, ती बंद केली गेली होती. तेव्हा दोन्हींत निवडायचंच झालं तर, लिहायला बसताना वाटलं नव्हतं, पण ‘बघू नका’ मला जास्त सन्मानाचं वाटतं. फक्त ते मोडतोड करणाऱ्याने, आधी, आणि तोंडावर सांगावं.

हॅच यांनी तिसरंच काही केलं. पंचवीस वर्षांचं स्वप्न हिसकावलं गेल्यावर त्यांनी नव्या मालिकेला जाहीर विरोध केला, आणि नंतर मूर यांनी बोलावल्यावर तिच्यातच काम केलं. भूमिका कुठली, तर टॉम झॅरेक: एका तुरुंगजहाजावरचा राजकीय कैदी. जुना अपोलो तिथे नव्या अपोलोसमोर बसतो आणि विचारतो, या बाईला राष्ट्राध्यक्ष निवडलं कुणी? प्रश्न रास्त आहे. रोझलिन शिक्षणमंत्री होती, वारसाक्रमात त्रेचाळिसावी. वरचे बेचाळीस मेले म्हणून खुर्चीत बसली. सातबारा तिच्या नावावर होता, एवढंच. नव्या अपोलोला सात महिन्यांत निवडणूक घ्यायचं कबूल करावं लागतं. चाहत्यांचा सगळा आक्षेप मूर यांनी उचलून गोष्टीच्या आत ठेवला, तोही आक्षेप घेणाऱ्याच्याच तोंडी.

निवडणूक झाली तेव्हा झॅरेकच्या बाजूचा उमेदवार जिंकला आणि त्याने सगळ्यांचं वाटोळं केलं. मालिका राखणदारांच्या हातात गेली असती तर काय झालं असतं, याबद्दलचा टोमणा त्यात आहे असा मला दाट संशय आहे. हॅच यांना तो कळला नसेल असं वाटत नाही. तरी झॅरेकचं काम ते शेवटच्या हंगामापर्यंत, बंड फसून ॲडामा त्याला गोळ्या घालायला लावतो तिथपर्यंत, मन लावून करत राहिले.