उचंती खात्यातलं पाणी

बी. कॉम. झालेल्या माणसाने वायरीच्या नादी लागू नये, असं आमच्या हिचं जुनं मत आहे. तरीही मागच्या वर्षी मी घरच्या पाण्याच्या मोटारीला स्वयंचलित यंत्र बसवून घेतलं. वरची टाकी रिकामी झाली की मोटार आपोआप सुरू, भरली की आपोआप बंद. टाकीत लांबी कमीजास्त असलेल्या तीन कांड्या सोडायच्या. पाणी सर्वांत वरच्या कांडीला टेकलं की त्या पाण्यातूनच बारीकसा प्रवाह वाहतो आणि यंत्राला कळतं, की झालं आता, पुरे. ही अक्कल मला जेवणाच्या पंक्तीत आजवर आलेली नाही, त्यामुळे यंत्राबद्दल पहिल्या दिवसापासून आदर वाटला.

चार महिने आम्ही दोघेही सुखात होतो. मग उन्हाळ्यातल्या एका पहाटे ही मला हलवत म्हणाली, "अहो, बाहेर पाऊस पडतोय." म्हसवडला, एप्रिलात! मी कुशीवर वळलो. पण पाऊस फक्त आमच्याच गच्चीवर पडत होता. खालच्या हौदातलं चार हजार लिटर पाणी वर चढून, टाकी ओसंडून, गटारातून माणगंगेच्या दिशेने निघून गेलं होतं. हौद आटल्यावर मात्र तिथल्या कांडीने मोटार झटकन बंद केली. म्हणजे स्वतःची मोटार जळू नये एवढं शहाणपण यंत्राकडे होतं.

सकाळी शेजारच्या आक्का रिकामी घागर कमरेवर घेऊन ओल्या रस्त्यावर उभ्या. म्हणाल्या, "बाळा, तुज्या एकट्याच्याच दारात पाऊस पडला म्हणायचा!" एवढंच बोलून त्या टँकरच्या रांगेकडे गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

माणदेशात नोटा हरवलेल्या चालतात, पाणी नाही. २०१२-१३च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशनने इथे जनावरांची छावणी उभारली होती, तेव्हा घर सोडून माणसं गुरांसोबत महिनोन्‌महिने राहिली. अशा गावात चार हजार लिटर कुणाच्या नावे टाकायचे?

बँकेत नावे टाकायला माणूस सापडला नाही, की रक्कम आम्ही उचंती खात्यात ठेवतो. मीही आधी तेच केलं. खरा गुन्हेगार कोण? मिस्त्री आला, त्याने वरची कांडी काढून दाखवली. तिच्यावर क्षारांचं पांढरं पुट चढलं होतं, नख लावलं तरी निघेना. पाणी टेकलं तरी कांडीला स्पर्शच कळत नव्हता. मिस्त्री म्हणाला, "यंत्र ओके आहे, पाणी जड आहे." यंत्र निर्दोष, मिस्त्री निर्दोष, मी तर झोपलेला! जड पाण्याच्या नावे टाकून वही मिटायची, इतकंच उरलं होतं.

पण ताळा जुळेना. आमच्या शिवारात शेतीपंपांना असेच ऑटो स्विच लावलेले असतात. वीज आली की सगळे पंप एकदम सुरू होतात, भार झेपला नाही की रोहित्र जळतं. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण सांगून थकलं. कुणालाही विचारा, तो म्हणतो, "माझ्या एका पंपाने काय जळतंय!" आणि त्याचंही चूक नसतं. वीज रात्री-अपरात्री आली तर काट्याकुट्यातून कोण जाणार? तरी रोहित्र जळतं, आणि ज्याच्या शेतात पंपच नाही त्याच्याही घरात अंधार होतो.

पूर्वी एकदा कॅश काउंटरवर माझे पाचशे रुपये कमी आले होते. नोटा मोजणारं यंत्र होतं, मी त्याचंच नाव सांगितलं. साहेबांनी शांतपणे विचारलं, "व्हाउचरवर सही यंत्राची आहे का?" पाचशे खिशातून भरले. इथेही बटण मीच 'ऑटो'वर टाकलं होतं. झोपायची मोकळीक मी घेतली असेल, तर झोपेत झालेला खर्चही माझाच धरायला हवा. अडचण एवढीच, की पैसे भरता येतात. गटारातून गेलेलं पाणी कुणाच्या खात्यावर भरू?

मग सुधारणा केल्या. टाकीत तांब्याएवढा फुगा तरंगत ठेवला. अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिओसने इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात पाण्याच्या घड्याळात तरंगक वापरला होता. आम्ही म्हसवडकर थोडे उशिरा पोचलो. कांड्या दर महिन्याला व्हिनेगरमध्ये बुडवून खरवडायच्या, हे काम वहीत लिहून माझ्या नावे टाकलं. आणि ओसंडणारी नळी गटारावरून काढून भिंतीवरून थेट आक्कांच्या परसातल्या बॅरलमध्ये सोडली. ही कल्पना हिची, श्रेय मी घेतलं.

तेव्हापासून टाकी एकदाही ओसंडलेली नाही. आक्का रोज बॅरलमध्ये डोकावतात आणि भिंतीपलीकडून विचारतात, "काय रं, यंतर अजून नीटच चालतंय व्हय?"

या महिन्याच्या कांड्या खरवडायच्या राहिल्या आहेत. ही दोनदा बोलली. मी म्हटलं, बघू, रविवारी.