रुमाल टाकलेली जागा

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल आत टाकला की ती जागा आपली, हा कायदा कोणत्याही विधिमंडळाने संमत केलेला नाही. तरी स्वारगेटला बारामतीची गाडी लागली की त्याच्याइतकी कडक अंमलबजावणी दुसऱ्या कुठल्या कायद्याची होत नाही!

परवा या कायद्याची आठवण झाली ती भाच्यामुळे. आमची ताई बारामतीला शेंगदाण्याची चटणी करून विकते. ती इन्स्टाग्रामवर न्यायचं भाच्याने ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आला. "मामा, आईचं नाव गेलं!"

मी दचकलोच. मग उलगडा झाला, की नाव म्हणजे तिथलं युजरनेम.

"कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय. एक फोटो नाही, काही नाही, नुसतं धरून बसलाय. आता मागे ९९ लावा, नाहीतर मधे आडवी रेघ!"

ताईच्या नावात आडवी रेघ म्हणजे शाळेतलं 'गाळलेल्या जागा भरा'. वीस वर्षं खलबत्ता कुटून कमावलेलं नाव, आणि त्याच्या मागे ९९!

मी बँकेतला माणूस. माझा रांगेवर विश्वास. टोकन ज्याचं आधी, पैसे त्याला आधी. फेसबुकनेही २००९ च्या जूनमध्ये नावं वाटली ती याच न्यायाने. पण न्यायालयाचं म्हणणं वेगळं पडतं. १९९९ साली 'रेडिफ'मधलं एक अक्षर बदलून कुणी 'रॅडिफ' नावाने दुकान थाटलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. थोडक्यात, नाव ज्याने गाजवलं त्याचं. नुसता रुमाल टाकणाऱ्याचं नव्हे.

हे ऐकून भाचा खुलला. मग त्याला २०२३ ची गोष्ट सांगितली. सॅन फ्रान्सिस्कोचा एक छायाचित्रकार ट्विटरवर २००७ पासून 'एक्स' या एका अक्षरावर बसला होता. रुमाल टाकून नव्हे, चांगला मांडी घालून. कंपनीनेच 'एक्स' नाव घेतलं आणि त्याचं अक्षर काढून घेतलं. पैसा एक नाही. गाडीचा मालकच उठवायला लागला तर तिकीट कुणाला दाखवणार?

"आणि हे बघ," मी म्हटलं, "ताईच्या नावाच्या बायका महाराष्ट्रात पायलीला पन्नास. तो रुमाल त्यांच्यातल्याच एखादीचा असला तर?"

भाचा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "म्हणून तर मामा, मी अजून अकरा नावं धरून ठेवलीत. शेजारच्या पापडवाल्या काकूंचं पण!"

"त्यांचं कशाला?"

"लागेल कधीतरी."

मी रागवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. फार वर्षांपूर्वी मीही असाच खिडकीतून रुमाल टाकला होता. आत चढलो तर त्या जागेशेजारी एक म्हातारी उभी. रुमाल बघून बिचारी बसलीच नव्हती. मी बसलो. जेजुरीपर्यंत ती उभी होती आणि मी झोपेचं सोंग घेऊन होतो. कायदा माझ्या बाजूने होता. झोप मात्र आली नाही.

हे भाच्याला पहिल्यांदाच सांगितलं. तो काही बोलला नाही. संध्याकाळी काकूंकडे जाऊन त्यांचं नाव पासवर्डासकट देऊन आला. काकूंनी बदल्यात पापड दिले. बाकीची दहाही सोडली. ताईच्या नावापुढे 'बारामती' लावलं; तेवढी जागा रिकामी होती.

आमच्या बारामतीला मोरोपंत (१७२९–१७९४) राहून गेले. 'मयूर' हे नाव त्यांनी कुठे राखून ठेवलं नव्हतं; आर्या लिहीत गेले, नाव आपोआप राहिलं. चटणीचंही तसंच व्हावं.

परवा स्वारगेटला सवयीने खिशातून रुमाल काढला, खिडकीपर्यंत हात गेला, आणि घाम पुसून परत खिशात ठेवला. जेजुरीपर्यंत उभा होतो. पाय दुखले, पण झोपेचं सोंग घ्यावं लागलं नाही.