राष्ट्राला स्वभाव असतो का?

प्रवरेच्या कालव्यांवर पोसलेल्या देवळाली प्रवरा, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात शेतीवर बोलणे निघाले की इस्रायलचे नाव आल्यावाचून राहत नाही. कृषी मेळावा असो, कारखान्याची वार्षिक सभा असो की पारावरची चर्चा, मुद्दा ठरलेला असतो: तिकडे वाळवंटात थेंबाथेंबावर बागा उभ्या राहिल्या आणि इकडे काळ्याभोर रानात पाटाचे पाणी मोकाट सोडून आपण जमिनी चोपण करून घेतल्या. इथवरचे बोलणे खरे आहे. पण ते इथे थांबत नाही. पुढचे वाक्य असते, त्या लोकांचा स्वभावच जिद्दी, शिस्तीचा. आपला माणूस नशिबावर हवाला ठेवणारा. वाचन असलेला कुणी असेल तर तो आणखी खोल जाऊन धर्मापर्यंत पोचतो: प्रारब्ध आणि पूर्वजन्म मानणारी, संसार असार समजणारी शिकवण पिढ्यान्‌पिढ्या मुरली, तिथे उद्योग कुठून येणार? दोन देशांच्या राहणीमानातला फरक दिसणे वेगळे आणि त्या फरकाचे मूळ लोकांच्या स्वभावात, धर्मात आहे असे ठरवणे वेगळे. पहिले निरीक्षण आहे, दुसरा निवाडा. हा निवाडा पुराव्याला टिकत नाही आणि तो गरिबावर अन्याय करतो, असे माझे मत आहे.

असे निवाडे करण्याची आपली सवय जुनी आहे. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रे लिहिली, तेव्हा इंग्रजांची विद्या आणि आपल्या लोकांचा आळस ही तुलना त्यांच्या लेखणीला वारंवार सुचत होती. त्यांचा राग आपलेपणाचा होता, यात शंका नाही. मॅक्स वेबर या जर्मन विचारवंताने विसाव्या शतकाच्या आरंभी याच समजुतीला शास्त्राचे रूप दिले. युरोपातल्या भांडवलशाहीमागे त्याला प्रोटेस्टंट धर्मनिष्ठा दिसली, आणि भारतात तशी व्यवस्था आपणहून उगवली नाही याचे कारण त्याने कर्मसिद्धान्तात व जातीत शोधले. याच्या उलट वाटेने जाणारी माणसेही आपल्याकडे होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणब्याच्या दैन्याची कारणे त्याला नाकारलेल्या विद्येत, अंमलदारांच्या कारभारात, सारा आणि सावकारीत दाखवली, आणि उपाय म्हणून बंधारे, तळी, धरणे सुचवली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेवर पुस्तक लिहिले. तिथल्या शाळा, राज्यव्यवस्था, बायकांच्या संस्था यांचे वर्णन त्यांनी आस्थेने केले आणि तिथल्या काळ्या लोकांवरचा जुलूमही झाकला नाही. परक्या देशाकडे पाहावे तर असे: तिथे लोकांनी काय उभारले आहे, ते कसे चालते आणि त्याची किंमत कोण मोजतो.

या रीतीने इस्रायलकडे पाहू. राहुरी भागात वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; नेगेव वाळवंटाच्या तोंडावरच्या बीरशेबात दोनशेच्या आसपास. पण त्या देशाने १९५९ च्या कायद्याने सगळे पाणी, विहिरीचेसुद्धा, सार्वजनिक मालकीचे केले. प्रत्येक शेतकऱ्याचा कोटा ठरला, पाणी मीटरने मोजून मिळू लागले. १९६४ मध्ये उत्तरेतल्या गालिलीच्या तळ्याचे पाणी दक्षिणेकडे नेणारी राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. त्यानंतरच्याच वर्षी हात्झेरिम या किबुत्झने, म्हणजे सामूहिक वसाहतीने, ठिबकचा कारखाना काढला. शहरांच्या सांडपाण्यातले ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी आज शुद्ध होऊन शेताला जाते. आता प्रवरेचे पाहा. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, कालवे वाहू लागले. पण पाणीपट्टी आकारली गेली ती पीक आणि क्षेत्र पाहून. एकरभर उसाला किती पाणी दिले हे मोजायचेच नसेल तर वाचवणाऱ्याला काय मिळणार? त्यात आवर्तन कधी सुटेल, पाळी आपल्यापर्यंत पोचेल की वरच्या वर संपेल, याची खात्री नाही. अशा वेळी पाणी हाती आले की शेत तुडुंब भरून घेणे हा शहाणपणाचाच हिशेब ठरतो. कोणत्याही धर्माचा, कोणत्याही देशाचा शेतकरी तेच करील. घनमापावर पाणी आणि पाणीवापर संस्थांच्या हाती वाटप, अशी कायद्याची तरतूद आपल्याकडे व्हायला २००५ साल उजाडले. ज्याला आपण स्वभाव म्हणतो त्याचा बराचसा भाग पाणीपट्टीच्या पावतीवर वाचता येतो.

याहून मोठा पुरावा या खोऱ्याच्या इतिहासातच आहे. गोदावरी-प्रवरेचे कालवे आले तेव्हा स्थानिक कुणब्यांनी उसाला लगेच हात घातला नाही. ज्वारी-बाजरीची सवय, खताला पैसा नाही, आणि वर्ष-दीड वर्ष शेतात उभे राहणाऱ्या पिकासाठी थांबायची ऐपत नाही. सासवडकडचे बागाईत करणारे माळी आले, त्यांनी खंडाने जमिनी घेतल्या आणि ऊस पिकवून गुऱ्हाळे चालवली. पुढे हरेगावात बेलापूर कंपनीने हजारो एकर जमीन खंडाने घेऊन साखर कारखाना काढला. त्या काळात कुणी या खोऱ्याचा प्रवास केला असता तर त्याने काय लिहिले असते? माळी उद्यमी, साहेब शिस्तीचा, आणि इथला कुणबी मंद, दैववादी. कुणब्याच्या हाती भांडवल नव्हते, बाजारभाव पडला तर सावरणारे कुणी नव्हते, हे त्या वर्णनात आलेच नसते. मग १९२३ मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीत सहकारी पतपेढी काढली. शेतकऱ्यांनी शेअर गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष म्हणून पाठीशी उभा राहिला, सरकारने भांडवलात हातभार लावला, आणि १९५० मध्ये लोणीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्याच मंद कुणब्याची मुले कारखान्याची संचालक झाली, त्यांनी शाळा, महाविद्यालये, दवाखाने काढले. एका पिढीत स्वभाव बदलला म्हणावे, तर त्याच पिढीत धर्म बदलला नव्हता. वारी तीच, एकादशी तीच, प्रारब्धाची भाषाही तीच.

इथे धर्माच्या प्रश्नाला थेट भिडायला हवे. याच प्रवरेच्या काठी, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. वाट्याला आलेले काम निष्ठेने करणे हीच ईश्वराची पूजा, हा विचार त्या ग्रंथात ठायी ठायी येतो. सहाशे वर्षांनंतर टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहून गीता संन्यासापेक्षा कर्मयोगच सांगते असे हिरिरीने मांडले. आमच्याच परंपरेत प्रारब्धापुढे मान तुकवायला सांगणाऱ्या वाटाही आहेत, हे मी नाकारत नाही. जिवंत धर्म असा एकसुरी नसतोच. त्याच्या पोटात उद्योगाचीही शिकवण असते आणि सोसण्याचीही. कोणत्या काळी कोणती शिकवण लोकांच्या ओठी येईल, हे बहुधा श्रमाला फळ मिळते की नाही यावर ठरते. पाऊस दोन वर्षे हुकला आणि सावकार दारात उभा असला, की माणूस प्रारब्धाचे नाव घेतो, कारण तेवढाच शब्द त्याला धीर देतो. तिकडेही चित्र वेगळे नाही. ‘जिद्दी’ इस्रायलच्या पायाचे दगड घालणारे किबुत्झचे पहिले वसाहतकार बव्हंशी धर्माचरण सोडलेले होते. आणि आज त्याच देशातल्या हरेदी या कर्मठ पंथात जेमतेम निम्मे पुरुष कामधंदा करतात. उरलेल्यांतले बहुतेक धर्मग्रंथांच्या अध्ययनात आयुष्य घालवतात. ग्रंथ एक, वंश एक, देश एक, आणि वागणे दोन टोकांचे. धर्मातून राष्ट्राचा स्वभाव काढणाऱ्याने यातले कोणते टोक निवडायचे?

भारतातून तिकडे गेलेल्या ज्यूंची कहाणी तर या प्रश्नाची परीक्षाच आहे. केरळातले कोचीचे ज्यू मुख्यत्वे व्यापार-दुकानदारी करणारे. १९५० च्या दशकात त्यांच्यातले काही नेगेवमधल्या नेवातिम या वसाहतीत स्थायिक झाले आणि हरितगृहांत फुले पिकवून परदेशी पाठवू लागले. त्यांच्यातल्या एलियाहू बेझालेल यांना पुढे भारत सरकारने प्रवासी भारतीय सन्मान दिला. हिशेबाच्या वह्या सांभाळलेल्या समाजाने वाळवंटात शेती केली, कारण जमीन, मोजके पण खात्रीचे पाणी, सल्ला आणि विक्रीची सोय त्यांना एकदम मिळाली. आपले कोकणातले, घाण्यावर तेल गाळणारे आणि मराठी बोलणारे बेने इस्रायल तिकडे गेले, त्यांच्या ज्यू असण्यावरच तिथल्या धर्मपीठाने विवाहाच्या बाबतीत शंका घेतली. त्यांनी चळवळ केली, आणि १९६४ मध्ये इस्रायली संसदेला त्यांच्या समान दर्जाचा ठराव करावा लागला. बाहेरून अखंड दिसणाऱ्या राष्ट्राच्या आतही कोण आपला, हा वाद असतो.

माझ्या या म्हणण्यावर एक सबळ आक्षेप आहे. व्यवस्था काही आभाळातून पडत नाहीत, त्या माणसेच उभारतात. तेव्हा चांगल्या व्यवस्थेमागे चांगला स्वभाव असलाच पाहिजे. हिवरे बाजारचे उदाहरण इथे दिले जाते. त्या दुष्काळी गावात १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाची कामे झाली, शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि ऊस लावण्यावर ग्रामसभेने बंदी घातली, पावसाचा हिशेब मांडून पिके ठरू लागली. नेतृत्वाचे मोल मला मान्य आहे. पण शेजारच्या गावांत राहणारी माणसे काही वेगळ्या मातीची नव्हती. फरक होता तो एकमेकांवर विश्वास ठेवायला जागा देणाऱ्या नियमांचा: शेजारी बोअर मारणार नाही याची खात्री झाली तरच मी थांबतो. माणसात चांगुलपणा असतोच, पण एकट्याचा संयम मूर्खपणा ठरत असेल तर तो फार दिवस टिकत नाही. शिवाय स्वभाव हेच कारण मानले तर ऱ्हास कसा समजावायचा? १९८० च्या दशकात इस्रायलचे किबुत्झ व्याजाच्या बोज्याखाली सापडले आणि पुढे त्यांतल्या बहुतेकांनी समान वाटणी सोडून वेगवेगळे पगार स्वीकारले. देवळाली प्रवरेलगतचा राहुरीचा सहकारी कारखाना एके काळी या परिसराचा कणा होता. गेल्या दशकात कर्जापायी त्याचे हंगामामागून हंगाम बुडाले. या काळात ना ज्यूंचा स्वभाव बदलला, ना राहुरीकरांचा. जे कारण उदयात आणि ऱ्हासात सारखेच राहते, ते कशाचेच स्पष्टीकरण देत नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे: सगळे व्यवस्थेवर टाकले तर माणसाच्या जबाबदारीचे काय? मला उलट वाटते. ‘आमचा स्वभावच असा’ म्हणणे हाच जबाबदारी झटकण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे, कारण स्वभावाला औषध नसते. पाणीपट्टी मोजून घ्यायची की नाही, कारखान्याचा ताळेबंद सभेत वाचायचा की नाही, हे मात्र आपल्या हातात असते. आणि तुलना करायचीच तर पुरी करावी. इस्रायलच्या समृद्धीत १९५२ च्या करारानंतर जर्मनीकडून आलेली भरपाई, अमेरिकेची मदत आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅलेस्टिनींना मिळणाऱ्या तुटपुंज्या पाण्याचाही हिशेब धरावा लागतो. आपल्या हिरव्या पट्ट्याच्या हिशेबात अकोले तालुक्यातल्या आदिवासी डोंगरदऱ्या येतात, जिथले पाणी खाली वाहून येते. आणि पाथर्डीकडून दर दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन निघणारी ऊसतोड कुटुंबे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. ती बाई ‘नशीब’ म्हणते तेव्हा ते तत्त्वज्ञान नसते, तिच्या परिस्थितीचे नेमके वर्णन असते. तिचे काम संपल्यावर तयार झालेली साखर मोजणाऱ्यांनी तिच्या दैववादावर बोट ठेवणे अधर्म आहे.

म्हणून इस्रायलला जरूर जावे, तिथले शिकावे, पण परत आल्यावर लोकांचा स्वभाव सांगू नये. तिथल्या पाण्याच्या कायद्यात काय आहे, मीटर कोण वाचतो, कोटा चुकवणाऱ्याला दंड किती होतो, हे सांगावे. आणि आपल्या वितरिकेवरच्या पाणीवापर संस्थेची पुढची सभा कधी आहे, हे विचारावे.