थांबण्याची मुभा

दसरा जवळ आला की बाणेर-वाकडपासून घोडबंदर रोडपर्यंतच्या फलकांवर एकच सूर लागतो: आत्ताच बुक करा, नंतर भाव वाढतील. घर शोधणारं जोडपं त्या फलकांखालून जाताना मनात एकच हिशेब घोळवत असतं, भाव आणखी चढतील की उतरतील? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. भावांचे अंदाज भल्याभल्यांचे चुकतात. आधी विचारायला हवं ते हे की, या जोडप्याला थांबणं परवडतं का? ज्याला दोन वर्षं निवांत थांबता येतं, त्याच्याशी विकणाऱ्याला नमतं घेऊन बोलावं लागतं. ज्याला थांबता येत नाही, तो मिळेल त्या भावाला सही करतो. आपल्याकडचा पगारदार माणूस बहुतेक वेळा थांबू शकत नाही, आणि त्याचं मूळ भाड्याच्या घरात आहे.

नुसत्या आकड्यांनी पाहिलं तर थांबणंच शहाणपणाचं ठरेल. समजा, फ्लॅट एक कोटीचा आहे. आपल्या मोठ्या शहरांत वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे हाच फ्लॅट महिना पंचवीस हजारांच्या आगेमागे भाड्याने मिळेल. विकत घ्यायचा तर वीस लाख स्वतःचे घालून ऐंशी लाखांचं कर्ज काढावं लागतं. साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, त्याचा हप्ता सुमारे ६९,४०० रुपये होतो. पहिल्या हप्त्यातले ५६,६०० हून अधिक रुपये निव्वळ व्याजात जातात. मुद्रांक शुल्क, नोंदणी, पार्किंग, मेंटेनन्स हे सगळं वेगळंच.

हे गणित बँकेत काम करणाऱ्या माणसालाही कळतं, तरी तोही कर्ज काढतो. कारण भाड्याच्या घरातलं आयुष्य त्याने जगलेलं असतं. अकरा महिने झाले की करार संपतो. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, किंवा शेजारच्या विंगमध्ये कोणी तीन हजार जास्त दिले, की सामान बांधायचं. पुन्हा एजंटला एक महिन्याचं भाडं, पुन्हा डिपॉझिट, टेम्पो, पोलीस पडताळणी, गॅसचा पत्ता बदलणं. मूल दुसरीत असेल तर शाळेच्या बसचा रस्ता सोडून घर बघता येत नाही. एकटी स्त्री, मुसलमान कुटुंब, दलित आडनाव यांना तर ‘आमच्या सोसायटीत चालत नाही’ हे तोंडावर ऐकावं लागतं. म्हातारपणी कोण घर देईल, ही धास्ती चाळिशीतच सुरू होते. भाड्याच्या पावणेतीनपट हप्ता भरून घेतलेल्या त्या चार भिंतींत ‘आता कोणी हलवणार नाही’ या खात्रीची किंमत धरलेली असते. ती देणाऱ्याला मी भाबडा म्हणणार नाही.

पण ही खात्री भाड्याच्या घरात का मिळू नये? याचं उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. फाळणीच्या आणि टंचाईच्या काळात त्याने लाखो कुटुंबांना आधार दिला, हे विसरता येत नाही. मात्र तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा पुन्हा पुन्हा मुदत वाढवून अर्धशतक चालला. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींचं भाडं डागडुजीलाही पुरेना, आणि खरी किंमत पागडीच्या रूपाने काळ्या पैशात वसूल होऊ लागली. भाडेकरू नकोत म्हणून मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा मार्ग काढला, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना कायद्याने संरक्षित भाडेकरूच ठरवलं. ‘एकदा घुसला की निघत नाही’ ही मालकांची भीती तिथे पक्की झाली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या, आणि ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला.

या कायद्याने लिव्ह अँड लायसन्सवर घर देणाऱ्याची बाजू पुरेशी भक्कम केली. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर त्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि दुप्पट दराने भरपाई मिळते. भीतीचं कायद्यातलं कारण उरलं नाही, भीती मात्र उरली. अकरा महिन्यांचा करार हा तिचाच अवशेष आहे. देशात इतरत्र वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात करार कितीही महिन्यांचा असो, कलम ५५ नुसार तो नोंदवावाच लागतो. म्हणजे इथे अकरा महिन्यांनी त्या नोंदणीतून सुटकाही होत नाही. पाच वर्षांपर्यंतचा करारही करता येतो, आणि मुद्रांक शुल्क पाव टक्काच लागतं. तरी करार अकरा महिन्यांचे होतात, आणि रिकाम्या घरांची कुलपं तशीच राहतात. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने २०११ च्या जनगणनेच्या आधारे मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी असल्याचं नोंदवलं होतं, देशातल्या शहरांत सर्वाधिक.

थांबता न येणाऱ्या माणसाचं हलत्या बाजारात काय होतं, ते गेल्या काही वर्षांत दिसलं. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणलं, जानेवारी ते मार्च २०२१ साठी तीन केलं. रेपो दर चार टक्के होता, गृहकर्ज पावणेसातच्या आसपास मिळत होतं. लोकांनी घाई केली. सवलतीला तारीख होती. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर साडेसहावर गेला. पावणेसात टक्क्यांनी ५० लाख घेणाऱ्याचा हप्ता सुमारे ३८,००० होता. दर सव्वानऊ झाल्यावर ५० लाखांचं महिन्याचं व्याजच ३८,५०० भरतं. दीड-दोन वर्षं हप्ते फेडून मुद्दल थोडं उतरलेल्याचाही जवळजवळ सगळा हप्ता व्याजात जाऊ लागला. बऱ्याच बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली, आणि आपलं कर्ज निवृत्तीपलीकडे गेल्याचं कित्येकांना स्टेटमेंट पाहून कळलं. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की, हप्ता वाढवायचा की मुदत, ही निवड कर्जदाराला द्या. दर पुढे उतरले. मधल्या महिन्यांत भरलेलं व्याज परत आलं नाही.

१ मे २०१७ पासून राज्यात लागू झालेल्या स्थावर संपदा कायद्याने (रेरा) विकत घेणाऱ्याला मोठा आधार दिला. चटई क्षेत्रावर विक्री, ग्राहकांच्या पैशातले सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात, प्रकल्पाची माहिती सर्वांसमोर. असा जिव्हाळा भाडेकरूच्या वाट्याला कधी आला नाही. केंद्राने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित आहे. यावर घरमालक म्हणतील, वाद झाला तर तारखा आमच्याच नशिबी येतात. ती तक्रार खरी आहे, आणि तिच्यावरचा इलाज म्हणजे प्राधिकाऱ्यांची संख्या वाढवून निकालाला कडक मुदत घालणं. ते झालं की मालकाकडून मोबदल्यात तीन वर्षांचा करार, भाडेवाढीचा आधीच ठरलेला दर आणि जात-धर्म न विचारण्याचं बंधन मागता येईल. ज्यांना घर घ्यायचंच आहे ते तेव्हाही घेतील, पण भोगवटा प्रमाणपत्र तपासून, दोन बँकांचे दर विचारून, सौदा पटला नाही तर उठून जाऊन.